बोस्टन : शंभरात पंचाहत्तरांचे गाव

लंडनला जाणारा आपला माणूस दोन ठिकाणे चुकवत नाही. एक, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दुसरे, किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर. १९२१-२२ साली विद्यार्थी असताना बाबासाहेब त्या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. पुढे राहत्या वस्तीत संग्रहालय कसे, अशी तक्रार काही शेजाऱ्यांनी केली, प्रकरण परवानगीत अडकले आणि मार्च २०२० मध्ये एकदाचे सुटले. मीही ते घर पाहिले, जिना चढलो, हात जोडले. त्याविषयी अनेकांनी लिहिले आहे, म्हणून मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका गावाबद्दल.

ते घर लंडनच्या कॅम्डेन भागात येते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले : देशाने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे? कॅम्डेनमध्ये शंभरातील पंचाहत्तर मते ‘राहावे’ अशी पडली. त्याच दिवशी, रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या बोस्टन गावात शंभरातील पंचाहत्तर मते ‘बाहेर पडावे’ अशी पडली. नेमका आकडा ७५.६, साऱ्या देशात सर्वांत जास्त. त्या बोस्टनमध्ये माझी पुतणी कामाला आहे.

युरोपीय संघ म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या आया-बहिणींना सांगायचे तर असे. तेव्हा अठ्ठावीस देश एकत्र आले होते. एकमेकांच्या मालावर जकात नाही आणि एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात जाऊन राहू शकतो, काम करू शकतो. बिहारचा गडी परवाना न काढता मुंबईत येतो ना, तसेच. ब्रिटन या मंडळीत १ जानेवारी १९७३ ला सामील झाला. १९७५ साली तिथल्या जनतेला विचारले, तेव्हा शंभरातील सदुसष्ट लोक ‘राहू या’ म्हणाले होते. एकेचाळीस वर्षांनी पुन्हा विचारले, तर ५१.९ टक्के म्हणाले, नको.

मी गेलो ते २०२४ च्या ऑक्टोबरात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून गाडी धरायची, ग्रँथमला उतरायचे आणि तिथून छोटी गाडी. ग्रँथम हे मार्गारेट थॅचरबाईंचे जन्मगाव. वडिलांचे तिथे किराणा मालाचे दुकान होते. १९७५ ला याच बाईंनी ‘युरोपात राहा’ म्हणून प्रचार केला होता आणि पुढे त्यांच्याच हुजूर पक्षाच्या सरकारने देशाला बाहेर काढले. राजकारणात असे व्हायचेच. मी रेल्वेत मालाच्या बुकिंगला चौतीस वर्षे काढली, त्यामुळे खिडकीबाहेर पाहताना माझे लक्ष आधी माल काय पिकतो इकडे जाते.

ग्रँथम सोडल्यावर थोड्या वेळाने जमीन सपाट होत जाते. इतकी सपाट, की सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला चुकल्यासारखे वाटते. एके काळी हा सगळा दलदलीचा मुलूख. शेकडो वर्षे चर खणून, बांध घालून, पाणी उपसून त्यांनी ही जमीन समुद्राकडून सोडवून घेतली. शेजारच्या एका जिल्ह्याचे नावच ‘साउथ हॉलंड’ आहे. अशा जमिनीत भाजी फार छान येते. कोबी, फुलकोबी, बटाटे, ब्रोकोली, आणि लिंबाएवढ्या आकाराचा तो छोटा कोबी, ज्याला ‘ब्रसेल्स स्प्राउट’ म्हणतात. ब्रसेल्स ही युरोपीय संघाची राजधानी. ब्रसेल्सवर सर्वांत जास्त चिडलेला मुलूख ब्रसेल्सच्याच नावाची भाजी पिकवतो, याची मला गंमत वाटली. पुतणीला सांगितले तर ती म्हणाली, “काका, हे इथं कुणाला मोठ्यानं सांगू नका.”

बोस्टन दुरूनच ओळखू येते ते चर्चच्या मनोऱ्यामुळे. सुमारे ८३ मीटर उंच. लोक त्याला ‘स्टंप’, म्हणजे खुंट म्हणतात. मध्ययुगात हे इंग्लंडचे मोठे बंदर होते, इथून लोकर युरोपात जायची. म्हणजे युरोपशी व्यवहार करूनच हे गाव मोठे झाले. मग नदीत गाळ साचला, व्यापार हटला, गाव मागे पडले. बाजारपेठेजवळ जुने गिल्डहॉल आहे. १६०७ साली धर्माच्या जाचाला कंटाळून हॉलंडला पळून जाऊ पाहणारी काही माणसे या गावाजवळ पकडली गेली आणि इथल्या कोठडीत डांबली गेली. नंतर तीच मंडळी हॉलंडला आणि त्यांच्यातली काही पुढे अमेरिकेला गेली. अमेरिकेतले प्रसिद्ध बोस्टन शहर याच गावाच्या नावाचे. तेव्हा बाहेर पडण्याचे वेड या गावाला जुनेच आहे, फक्त त्या काळी बाहेर पडणाऱ्याला तुरुंग मिळत असे.

आम्ही गेलो त्या दिवशी बुधवार, बाजाराचा दिवस. भाजी, कपडे, फुलांची रोपे. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त आरडाओरड कमी. पण कानावर इंग्रजी पडत होते त्याहून जास्त पोलिश आणि लिथुआनियन. अर्थात हे मला पुतणीने सांगितले, मला त्यातला फरक कळत नाही. पुढच्या रस्त्यावर त्यांची दुकाने : काळी पावरोटी, खारवलेली काकडी, धुरावलेले मासे.

हे लोक इथे कसे आले, हे सांगायला मुकादमापासून सुरुवात करावी लागेल. होय, मुकादमच. आपल्याकडे ऊसतोडीला टोळी घेऊन जातो, तोच माणूस या मुलुखात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून आहे. इंग्रजीत त्याला ‘गँगमास्टर’ म्हणतात. पूर्वी तो गावातल्या बायका-पोरांच्या टोळ्या करून शेतात राबवायचा. आठ वर्षांखालील मुलांना टोळीत घेऊ नये म्हणून १८६७ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. यावरून काय चालत असेल ते ओळखावे. पुढे २००४ च्या फेब्रुवारीत मोरकम बे येथे समुद्रात शिंपले वेचायला नेलेले वीसहून अधिक चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले, तेव्हा मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा नवा कायदा झाला. माणसे मेल्याशिवाय कायदा होत नाही, हे तिथेही तसेच.

त्याच वर्षी १ मे रोजी दहा नवे देश संघात आले. त्यांत पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया असे पूर्व युरोपातले आठ. जुन्या देशांपैकी बहुतेकांनी आपली दारे काही वर्षे बंद ठेवली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पहिल्या दिवसापासून उघडली. वर्षाला पाच ते तेरा हजार लोक येतील, असा ब्रिटनच्या सरकारी अहवालाचा अंदाज होता. आले लाखांनी. त्यांतले हजारो या सपाट मुलुखात भाजी तोडायला आले. २०११ च्या शिरगणतीत बोस्टनची वस्ती सुमारे साडेचौसष्ट हजार भरली, आणि दर दहांमागे एक जण या नव्या देशांतला होता. दहा वर्षांपूर्वी त्या देशांची माणसे इथे जवळजवळ नव्हतीच.

आणि ही माणसे राहत कुठे होती? एका कुटुंबाच्या घरात खाटेप्रमाणे भाडे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर. आपल्या गिरणगावातल्या खानावळींच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. २०११ च्या जुलैत इथल्या एका औद्योगिक गाळ्यात बेकायदा दारू गाळताना स्फोट झाला आणि पाच लिथुआनियन माणसे जळून मेली.

बाजारात एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पुतणीला पाहून त्यांनी टोपी उचलली. ती ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथे त्यांची बहीण आहे. “हीच माझ्या बहिणीला रोज भरवते,” असे त्यांनी मला सांगितले आणि सरकून जागा दिली. वय चौऱ्याहत्तर, जन्म याच गावातला, हयात भाजीचे ट्रक चालवण्यात गेलेली. त्यांचे बोलणे मला अर्धे कळे, उरलेले पुतणी सांगे. सार्वमताचा विषय मी भीतभीतच काढला. पण त्यांना बोलायचेच होते.

ते म्हणाले, “माझी आई याच शेतांत कोबी तोडायची. मुकादमाची गाडी घराच्या कोपऱ्यावर यायची. पोरांची शाळा सुटायच्या आत बायका घरी परत. कमाई थोडी होती, पण गावची होती. मग सुपरमार्केटवाले रात्री नऊला फोन करून सांगू लागले की उद्या पहाटे इतकी खोकी हवीत, किंवा उद्या काहीच नको. आता पोरेबाळे असलेली बाई अशा कामाला कशी जाणार? जो सहा जणांत एका खोलीत झोपतो आणि बोलावले की उठतो, तोच जाणार. आमच्या पोरांनी काम सोडले म्हणतात. काम पोरांना सोडून गेले.”

मी विचारले, मग राग त्या लोकांवर का?

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांच्यावर म्हणून नव्हे. दवाखान्यात नंबर लागत नव्हता. दात दुखला तर सरकारी दातांचा डॉक्टर नाही. घराचे भाडे वाढले. खासदाराला सांगितले, कौन्सिलला सांगितले. लंडनहून कोणी कधी विचारायला आले नाही. २०१६ साली पहिल्यांदा कोणीतरी विचारले, तुम्हाला काय वाटते? मी सांगून टाकले.”

या म्हाताऱ्याचे दुःख खोटे नव्हते. पण त्या दुःखावर ज्यांनी पैसा केला, ते रात्री नऊला फोन करणारे, खाटेप्रमाणे भाडे घेणारे आणि दवाखाना वाढवायला पैसे न देणारे, यांच्यापैकी कोणाचेच नाव मतपत्रिकेवर नव्हते. तिथे दोनच चौकटी होत्या : राहा, बाहेर पडा. मुंबईत आपण हे पाहिले आहे. १९६० च्या दशकात राग दाक्षिणात्यांवर निघाला, नंतर उत्तर भारतीयांवर. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, त्याच्यासाठी कोणी कोणाची टॅक्सी फोडली नाही.

प्रचार करणाऱ्यांनी आणखी एक काम केले होते. एक लाल बस देशभर फिरवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या. आकडा फुगवलेला होता. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती. पण ज्याला दातांचा डॉक्टर मिळत नाही, तो त्या बसकडे कसा पाहील?

मत कोणाला होते, हेही आपल्या वाचकांना माहीत असावे. बारा वर्षे कोबी तोडणाऱ्या लिथुआनियन बाईला या सार्वमतात मत नव्हते. पण ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला होते, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. दोन महिन्यांपूर्वी आलेला आपला विद्यार्थीसुद्धा नाव नोंदवून मत देऊ शकत होता. ज्यांच्या राहण्याचा फैसला व्हायचा होता ते बाहेर उभे, आणि आपण आत!

आपल्यांनी काय केले? लंडनच्या आधी मी दोन दिवस वुल्व्हरहॅम्प्टनला होतो. तिथे आंबेडकर बुद्ध विहार आहे. जालंधर-होशियारपूरकडून पन्नास-साठच्या दशकांत ओतशाळांत काम करायला आलेल्या पंजाबी बांधवांनी तो उभा केला. हे तेच शहर, जिथले खासदार इनॉक पॉवेल यांनी १९६८ साली काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण ठोकले. पगडी घालून बस चालवू द्यावी म्हणून तिथल्या शीख ड्रायव्हरांना दोन वर्षे झगडावे लागले. इतके सोसलेल्या शहरात २०१६ ला शंभरातील त्रेसष्ट मते ‘बाहेर पडा’ला पडली. ती काही सगळी गोऱ्यांची नव्हती. विहारात चहा घेताना एक वडीलधारे गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, “मी बाहेर पडा म्हणालो. माझ्या भाच्याच्या लग्नाला बहिणीला व्हिसा नाकारला. पोलंडचा माणूस मात्र बसमध्ये बसून येतो. आम्ही या देशाच्या भट्ट्या पेटवल्या. आधी आमचा हक्क नाही का?” पोलंडचे थांबले की भारताचे दार उघडेल, असे प्रचारात सांगणारे पुढारी तेव्हा होतेच. पुढे काय झाले? एप्रिल २०२४ पासून गावाकडून बायको किंवा नवरा आणायचा तर वर्षाची कमाई २९ हजार पौंड हवी, असा नियम झाला. आधी ती अट १८ हजार ६०० होती. त्यांच्या नातवाचे लग्न जालंधरला ठरले आहे. नातू गोदामात काम करतो. पुढचे मी विचारले नाही.

इथे मला आपल्या राज्यघटनेची आठवण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ‘युनियन’ या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला होता. भारतीय संघ हा राज्यांनी करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. युरोपीय संघ याच्या उलट. तो करारावर उभा आहे आणि त्या करारातच ५० व्या कलमात बाहेरचा दरवाजा ठेवलेला आहे. दरवाजा असणे वाईट, असे मी म्हणत नाही. पण आपली घटना बदलायची तर संसदेत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. तिथे त्रेचाळीस वर्षांचा संसार मोडायला १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख, एवढे पुरले. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड ‘राहू या’ म्हणाले होते. त्यांनाही जावे लागले.

आणि बाहेर पडायचे म्हणजे नक्की कसे, हे मतपत्रिकेवर लिहिलेच नव्हते. त्यामुळे पुढची साडेतीन वर्षे देशाचा जो खोळंबा झाला, त्याने दोन्ही बाजूंचे लोक सारखेच विटले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी मार्च २०१७ मध्ये ५० वे कलम लागू केले. २९ मार्च २०१९ ही बाहेर पडण्याची तारीख ठरली. त्यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला पार्लमेंटमध्ये २०२ विरुद्ध ४३२ असा पडला. नंतर आणखी दोनदा पडला. तारीख एप्रिलवर गेली, मग ऑक्टोबरवर, मग पुढल्या जानेवारीवर. लंडनमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले. बाहेर पडणे रद्द करा म्हणून साठ लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, आम्ही जिंकलो, तरी आम्हाला जाऊ का देत नाही? नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंटच तहकूब केले, तर २४ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांनी एकच गोष्ट सांगितली, ‘हे एकदाचे उरकू या’, आणि त्यावर ते जिंकले. बोस्टनच्या मतदारसंघात त्यांच्या पक्षाला चारांतील तीन मतांहून अधिक मते मिळाली. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडला.

म्हातारे म्हणाले, “त्या रात्री मी एक बाटली उघडली. सकाळी उठलो तर दात तिथेच दुखत होता.”

मग कोबी कोण तोडतो? जुन्या लोकांपैकी बरेच राहिले. ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना वास्तव्याचा हक्क मिळाला. ज्याच्या दुकानात आम्ही पाव घेतला, तो लिथुआनियन दुकानदार अशांपैकीच. पण अनेक जण परतले आणि नवे येणे थांबले. २०२१ च्या शरदात ट्रक चालवायला माणसे कमी पडली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. शेतकरी ओरडले, तेव्हा सरकारने हंगामी मजुरांना सहा-सहा महिन्यांचा व्हिसा द्यायला सुरुवात केलेली होती, तीच वाढवत नेली. २०१९ ला वर्षाला अडीच हजार, आणि २०२३ पर्यंत पंचेचाळीस हजारांवर परवाने. आता मजूर येतात किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानातून. काही नेपाळमधूनही. अनेक जण गावी कर्ज काढून येतात. सहा महिन्यांत ते फेडायचे, उरेल ते न्यायचे आणि निघायचे. लिथुआनियन बाईला निदान मुकादमाशी पटले नाही तर दुसरीकडे जाता येत होते. या नव्या माणसाचा परवाना मालक पुरवणाऱ्या संस्थेशी बांधलेला. आपल्या ऊसतोड कामगाराची उचल आठवावी.

आणि म्हाताऱ्यांना कोण भरवते? तर आमची पुतणी. ती २०२३ च्या जानेवारीत आली. कल्याणच्या एका एजंटाला सात लाख दिले, त्यांत वहिनींच्या पाटल्या गेल्या. वृद्धाश्रमात तिच्या पाळीला आठ जणी आहेत. त्यांत केरळच्या दोघी, नायजेरियाच्या तिघी, झिंबाब्वेची एक, आमची ही आणि गावची एकच. तिचाही परवाना मालकाशी बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाही तर देश सोडा. म्हणून रात्रपाळी सलग नऊ आली तरी ती नाही म्हणत नाही. ज्यांना ती उठवते, न्हाऊ घालते, त्यांतल्या बहुतेकांनी बाहेरचे लोक कमी व्हावेत म्हणूनच मत दिले होते. मी विचारले, “अगं, तुला टोचत नाही का?” ती म्हणाली, “काका, त्या माणसांना आता सार्वमत आठवत नाही, मुलांची नावं आठवत नाहीत. एक आजी मला तिची धाकटी बहीण समजते. मी ओ देते.”

बाहेरचे लोक कमी होतील म्हणून देश बाहेर पडला. पण २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात येणाऱ्यांतून जाणारे वजा केले तरी नऊ लाखांहून अधिक माणसे देशात वाढली. इतकी पूर्वी कधीच वाढली नव्हती. युरोपातून येणारे घटले, आपल्याकडून आणि आफ्रिकेतून येणारे वाढले. विद्यापीठांना फी हवी होती, दवाखान्यांना हात हवे होते. फसवले गेल्याची चीड गावात भरून राहिली होती, आणि जुलै २०२४ च्या निवडणुकीत ती बाहेर आली. हुजूर पक्षाची ती हमखास जागा रिफॉर्म यूके या नव्या पक्षाच्या रिचर्ड टाइस यांनी घेतली. पुढल्या मे महिन्यात लिंकनशायरची काउंटी कौन्सिलही त्याच पक्षाकडे गेली. आता त्यांचा रोख पोलंडवर नाही. जे नंतर आले त्यांच्यावर आहे. मी बाकावरच्या म्हाताऱ्यांना विचारले, तुम्ही मत कोणाला दिले? ते हसले, पुतणीकडे पाहिले आणि म्हणाले, “हिच्यासारखी मुलगी असेल तर माझे काही म्हणणे नाही.” तिनेही हसून घेतले. घरी जाताना मात्र ती काही बोलली नाही.

देशात पाहणी करणारे विचारतात, बाहेर पडलो ते बरोबर की चूक? गेली काही वर्षे निम्म्याहून अधिक लोक ‘चूक’ म्हणत आहेत. बोस्टनमध्ये मी दोन दिवसांत सात-आठ जणांशी बोललो. सपशेल ‘चूक’ एकच म्हणाला, एक शाळामास्तर. बाकीच्यांचे म्हणणे, बाहेर पडणे बरोबर होते, पण आम्हाला नीट बाहेर काढले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास मला जाग आली. खिडकीतून पाहिले तर कोपऱ्यावर पांढरी मिनीबस उभी. अंधारात डबे घेतलेली माणसे चढत होती, पायांत गमबूट, डोक्यावर लोकरी टोप्या. चेहरे आपल्या नेपाळी माणसांसारखे, मध्य आशियातले असावेत. मुकादमाने वहीत खुणा केल्या, दार ओढले. गाडी गेल्यावर दहाच मिनिटांत पुतणी रात्रपाळी करून आली. तिने चहा टाकला आणि कल्याणला फोन लावला, कारण तिथे साडेनऊ वाजून गेले होते आणि मुलाची शाळेला जायची घाई असते.

तिचा मुलगा आजीकडे आहे. त्याला आणायचे तर मोठी खोली हवी, आणि एका पगारात ते जमत नाही. पाच वर्षे पुरी झाली की कायमचे राहण्याचा हक्क मागता येईल, तोवर एजंटाचे कर्ज फिटेल, मग त्याला आणू, असा तिचा हिशेब होता. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने पाचाची दहा वर्षे करण्याचा मनसुबा जाहीर केला, आणि जुलैत वृद्धसेवेसाठी परदेशातून नवी माणसे आणणेच बंद केले. त्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. “काका, तुम्ही बाबांशी बोला. दहा वर्षं म्हणजे हा अठरा पुरा करून वर जाईल. मग त्याला मुलगा म्हणून आणताच येणार नाही. त्याला आताच आणू का, की मीच परत येऊ?”

मी तिच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, आधी एजंटाचे राहिलेले दोन लाख किती महिन्यांत फिटतात ते तिला विचार. मी कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा फोन लावला.